गूगलवरून येणारे वाचक का तुटतात? बेळगाव सीमाभागातल्या मराठी साइटवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मराठी साइट चालवायची तर पुण्यातल्या साइटवाल्यापेक्षा काम थोडं जास्तच पडतं. आपला वाचक एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहितो. शोधताना कधी देवनागरी वापरतो, कधी रोमन. त्याला लागणारे सरकारी कागद बंगळुरूच्या नियमाने निघतात, पण त्याच विषयावर मराठीत सापडणारी बरीचशी माहिती महाराष्ट्राची असते. त्यात कुणी साइटचे पत्ते बदलतो, कुणी सेटिंग्जमधल्या एका चौकोनावर चुकून टिक करतो आणि वाचक आटले की म्हणतो, 'गूगलने मारलं.' बऱ्याचदा ते आपल्याच हातून झालेलं असतं. खालचा क्रम तपासणीचा आहे, त्यामुळे सांगितल्याशिवाय मधूनच उडी मारू नका.

१. आधी ही जुळवाजुळव करा

- गूगल सर्च कन्सोलचं खातं. तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारं हे गूगलचंच साधन, आणि ते फुकट आहे. साइट जोडताना 'डोमेन' हा प्रकार निवडा. दुसऱ्या प्रकारात पत्त्याचं एकच रूप मोजलं जातं, म्हणजे तीन डब्ल्यूसह किंवा त्याशिवाय, यांपैकी एक. मग अर्धे आकडे पाहून माणूस घाबरतो.
- डोमेन, म्हणजे साइटचं विकत घेतलेलं नाव, ज्या खात्यातून घेतलं त्याचा पासवर्ड. साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या खात्यात डोमेन असेल तर आजच ते स्वतःच्या नावावर करून घ्या. मुदत संपल्याचा ईमेल त्याला जातो, तो तोवर नोकरीसाठी दुसरीकडे गेलेला असतो, आणि सगळी मेहनत एका नूतनीकरणावर अडकते.
- होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचा, पासवर्ड आणि साइटचा पूर्ण बॅकअप, स्वतःच्या संगणकावर उतरवलेला.
- एक साधी वही. कुठल्या तारखेला काय बदललं ते तिच्यात लिहायचं. थीम बदलली, प्लगइन टाकलं, दहा लेख उडवले, सगळं. या वहीशिवाय पुढचा तपास म्हणजे अंधारात चाचपडणं.
- स्वस्तातला, दोन-तीन वर्षं जुना मोबाइल. तुमचा वाचक त्याच्यावरच वाचतो.

२. घसरण खरी आहे का ते बघा

सर्च कन्सोलमध्ये 'परफॉर्मन्स' अहवाल उघडा. तिथे मागच्या १६ महिन्यांचे आकडे मिळतात. त्याआधीचे हवे असतील तर दरवर्षी उतरवून ठेवावे लागतात. शेवटचे दोन-तीन दिवस सोडून द्या, कारण ते आकडे अपुरे असतात.

तुलना मागच्या महिन्याशी करू नका. जांबोटी-कणकुंबी बाजूच्या धबधब्यांवरचा लेख जूनमध्ये चढतो आणि पाऊस सरला की उतरतो, त्याला घसरण म्हणत नाहीत. मागच्या वर्षीचे तेच दिवस लावा. इथे एक बारकी गोम आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रा पौर्णिमेला भरतात, आणि तिथी इंग्रजी तारखेला दरवर्षी वेगळी येते. तारखेला तारीख जुळवली की यात्रेच्या लेखात उगाच खड्डा दिसतो. सण, यात्रा, उरूस यांच्या लेखांची तुलना तिथी धरूनच करा.

आता 'इम्प्रेशन', म्हणजे तुमचा दुवा किती वेळा दिसला, आणि 'क्लिक' हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. इम्प्रेशन तेवढेच आणि क्लिक कमी, तर लेख दिसतोय पण लोक दाबत नाहीत. शीर्षक बघा, आणि निकालाच्या पानावर तुमच्या वर काय आलंय तेही बघा. दोन्ही एकदम सगळ्या पानांवर पडले असतील तर तांत्रिक बिघाड किंवा गूगलचा मोठा अपडेट, म्हणजे क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला बदल, तेव्हा पुढची पायरी ३ आणि ४. एक-दोन लेखच पडले असतील तर सरळ ६ वर जा.

३. दार आतून बंद नाही ना?

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग. तिथे 'सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. साइट बनत असताना त्यावर टिक केलेली असते आणि उद्घाटनाच्या घाईत ती तशीच राहते. ब्लॉगरमध्येही सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिनांना दिसावी' असं बटण आहे. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून आधी हेच बघायचं.

दुसरी गफलत रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलची. ही फाइल गूगलला 'इथे येऊ नको' सांगते, 'हे पान यादीतून काढ' असं सांगत नाही. पान काढायचं तर त्यावर 'नोइंडेक्स' खूण लागते. लोक दोन्ही एकदम करतात आणि तिथेच फसतात. दार बंद असल्यामुळे गूगल आत येत नाही, आत न आल्यामुळे नोइंडेक्स वाचत नाही, आणि नको असलेलं पान यादीत तसंच राहू शकतं.

सर्च कन्सोलमधलं 'रिमूव्हल' हे हत्यार तर हात लावण्याआधी दोनदा विचार करावा असं. लेख ताजा करून घ्यायचा म्हणून काही जण ते दाबतात. त्याने पान साधारण सहा महिने निकालांतून लपतं.

एखादं पान गूगलच्या यादीत आहे की नाही हे बघायला सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत त्याचा पूर्ण पत्ता टाका. उत्तर तिथेच येतं, आणि नसेल तर कारणही.

४. पत्ते मोडू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. लेखाचा पत्ता म्हणजे घराचा नंबर. गूगलने, दुसऱ्या साइटींनी, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांनी त्या नंबरावर तुम्हाला ओळखलेलं असतं. नंबर बदलला आणि जुन्या दारावर पाटी लावली नाही, तर येणारा माणूस परत जातो.

मराठी शीर्षकांचे पत्ते कसे बिघडतात ते जवळून बघू. वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप पत्ता बनवतं, पण देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचं होतं. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. आणि पत्त्याच्या या तुकड्याला मर्यादा आहे २०० चिन्हांची. समजा शीर्षक दिलं 'खानापूर तालुक्यातील पावसाळी धबधबे'. 'खानापूर'ची सात चिन्हं, म्हणजे ६३. एक जोडरेघ. 'तालुक्यातील'ची अकरा, म्हणजे ९९. आणखी एक जोडरेघ. झाले १६४. उरले ३६, त्यात चारच चिन्हं बसतात. पत्ता तयार होतो: 'खानापूर-तालुक्यातील-पावस'. धबधबे गेले वाहून, आणि पावस हे तर रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव!

एवढ्याने लेख बुडत नाही. गूगल असा पत्ता वाचतं. पण हाच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्याच्या खुणांची लांबच लांब शेपूट दिसते आणि माणूस दाबायला कचरतो. म्हणून प्रकाशित करण्याआधीच पत्ता हाताने रोमन लिपीत लिहा: तीन ते पाच शब्द, मध्ये जोडरेघ, वर्ष नको. वर्ष घातलं की पुढच्या वर्षी बदलायचा मोह होतो.

ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. शीर्षक फक्त देवनागरीत असेल तर पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा एवढंच येतं. उजवीकडच्या 'पर्मालिंक' मध्ये 'कस्टम' निवडून पत्ता आधी लिहा, मगच प्रकाशित करा.

आणि जुने लेख असे बिघडलेले असतील तर? राहू द्या. वाचक येत असलेला वाकडा पत्ता हा नव्या सरळ पत्त्यापेक्षा भला. बदलावाच लागला तर हा क्रम धरा:

- सगळ्या जुन्या पत्त्यांची यादी काढा. समोर प्रत्येकाचा नवा पत्ता लिहा.
- जुन्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा, एकाला एक. सगळे मुखपृष्ठाकडे वळवू नका. गूगल ते 'पान नाही' असंच धरू शकतं.
- साखळी टाळा. जुना, मधला, नवा असे टप्पे झाले असतील तर जुन्याला थेट नव्याशी जोडा.
- साइटच्या आतल्या लिंका नव्या पत्त्यांवर आणा आणि साइटमॅप, म्हणजे साइटच्या सगळ्या पानांची यादी, गूगलला पुन्हा द्या.
- डोमेनच बदललं असेल तर सर्च कन्सोलमधलं 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' वापरा. रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा आणि जुनं डोमेन सोडू नका.

जुने लेख घाऊक उडवणं हीही त्यातलीच चूक. 'कमी वाचले जाणारे लेख काढले की साइट हलकी होते' असं कुणीतरी व्हिडिओत सांगतं आणि एका रात्रीत ८० लेख जातात. त्यांतल्या एखाद्याला बाहेरून चांगली लिंक असते, तीही जाते. काढायचाच असेल तर प्रत्येक लेखाचे १६ महिन्यांचे आकडे बघून काढा, आणि त्याच विषयाचा चांगला लेख असेल तर तिकडे वळवा.

५. अक्षरं खरंच मराठी आहेत का?

हा आपल्याकडचा खास रोग. छापखान्यातला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला असतो, कन्नड मजकूर नुडीत. पडद्यावर तो फाँट असेपर्यंत मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. गूगलला ती तशीच दिसतात, म्हणजे अर्थहीन.

तपासायला सोपं आहे. लेखातली एक ओळ कॉपी करा आणि मोबाइलवर गूगलच्या पट्टीत चिकटवा. मराठी उमटली तर युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरं. कचरा उमटला तर कन्व्हर्टरमधून काढा. पण कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास नको: रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हटकून चुकतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घाला.

बातमीचं कात्रण किंवा पत्रक फोटो म्हणून टाकणं हेही जवळपास तसंच. फोटोतल्या मजकुरावर शोधात भरवसा ठेवू नका. निदान मुख्य माहिती, म्हणजे तारीख, ठिकाण, अर्जाची मुदत, खाली टाइप करा.

टॅग देताना 'खानापूर' आणि 'खानापुर' असे दोन झाले की दोन वेगळी पानं तयार होतात, दोन्हीवर जेमतेम मजकूर. आणखी छुपा प्रकार 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याचा. तो दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला सारखा, संगणकाला वेगळा. टॅगांची यादी ठरवून वहीत लिहा आणि त्यातूनच निवडा.

६. वाचक काय टाइप करतो?

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. पण मराठी माणूस बोलताना, लिहिताना बेळगावच म्हणतो, रोमनमध्ये जुनं स्पेलिंग वापरतो, आणि सरकारी काम असेल तेव्हा नवं. अंदाज बांधत बसू नका. सर्च कन्सोलच्या 'क्वेरीज' यादीत लोकांनी टाइप केलेले शब्द जसेच्या तसे दिसतात. त्यांत ज्यांचे इम्प्रेशन भरपूर आहेत आणि सरासरी क्रमांक ८ ते २० च्या दरम्यान आहे ते शब्द वेगळे काढा. थोड्या सुधारणेने वर येण्याची शक्यता यांचीच जास्त.

नाव मुख्य मजकुरात एकाच तऱ्हेने लिहा, दुसरं एकदा ओघात येऊ द्या. पानाच्या तळाशी चाळीस गावांची माळ लावू नका. ती शब्दांची कोंबाकोंबी ठरते. आणि 'मेटा कीवर्ड' नावाचा रकाना भरत बसू नका. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून तो भरून द्यायचे पैसे घेणारे लोक आहेत.

खरी गडबड होते ती राज्याची. 'खानापूर तालुका' म्हटलं की सांगली जिल्ह्यातलाही एक आहे, विट्याचा. 'जमिनीचा उतारा कसा काढावा' असं शीर्षक दिलं की तुमची स्पर्धा सातबाऱ्याच्या शेकडो लेखांशी लागते, आणि आलेला वाचक साताऱ्याचा निघाला तर लगेच परत फिरतो. आपल्याकडे कागद आरटीसी म्हणजे पहाणीचा. कार्यालय नाडकचेरीचं, पंचायतीत माणूस पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), ग्रामसेवक नव्हे. गृहलक्ष्मीचे २,००० रुपये कर्नाटकाचे, लाडक्या बहिणीचे १,५०० महाराष्ट्राचे. शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत 'कर्नाटक' हा शब्द आलाच पाहिजे.

शीर्षक कसं असावं? 'निसर्गाच्या कुशीत एक अविस्मरणीय सफर' असं कुणी शोधत नाही. 'जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरचे धबधबे: कधी जायचं, गाडी कुठवर जाते' असं लिहा. मोबाइलवर लांब शीर्षक मागून कापलं जातं, म्हणून गावाचं नाव आणि विषय पुढे, अलंकार मागे. नसले तरी चालतील.

एकाच प्रश्नावर चार लेख असणंही घातक. कुंद्याची कृती दिवाळीला एकदा, गणपतीला एकदा, पुन्हा 'सोपी पद्धत' म्हणून एकदा. गूगलला कुठलं पान दाखवावं कळत नाही, आणि चारही खाली राहतात. सगळ्यांतला उपयोगी भाग एका लेखात आणा, बाकीचे त्याकडे वळवा.

७. कन्नड आणि मराठी दोन्ही चालवत असाल तर

एका पानावर वर मराठी, खाली कन्नड असं करू नका. गूगल भाषा ठरवतं ती दिसणाऱ्या मजकुरावरून, आणि असं पान कुठल्याच भाषेत धड बसत नाही. दोन पत्ते ठेवा. दोन्ही पानांवर एकमेकांकडे बोट दाखवणारी 'एचरेफलँग' खूण लावा, मराठीसाठी एमआर, कन्नडसाठी केएन. एकीकडूनच लावली तर ती धरली जात नाही. 'कॅनॉनिकल' खूण, म्हणजे 'मूळ पान हे' असं गूगलला सांगणारी, मात्र प्रत्येक पानाची स्वतःकडेच असू द्या. मराठी पानाची कॅनॉनिकल कन्नडकडे गेली की मराठी पान शोधातून गायब होऊ शकतं. आणि वाचक कुठून आला हे बघून भाषा आपोआप बदलणारं प्लगइन नको: गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो.

८. यंत्राचं भाषांतर आणि उचललेली बातमी

कन्नड परिपत्रक यंत्रात घालायचं, आलेली मराठी चिकटवायची, दिवसाला वीस लेख. मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत घाऊक, निरुपयोगी मजकूर बनवणं हा स्पष्टपणे स्पॅमचा प्रकार धरला जातो, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. भाषांतराला बंदी नाही. पण वाचून दुरुस्त करा आणि परिपत्रकात नसलेलं काही द्या: अर्ज कुठे मिळतो, सोबत काय जोडायचं, फी किती, कुठल्या खिडकीला.

नुसती तारीख बदलून लेख ताजा दाखवण्याची युक्तीही सोडा. मजकूर बदलला तरच तारीख बदला.

९. पानाचं वजन

थोडक्यात सांगायचं तर गूगलची मापं तीन: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान हलण्याचा गुण ०.१ च्या आत असावा. पान फक्त याने वर चढत नाही, पण वाचक टिकतो. फोटो १,२०० ते १,६०० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, शक्यतो २०० केबीच्या आत. सगळ्यात वरच्या फोटोला 'लेझी लोड' (फोटो उशिरा उतरवण्याची सोय) लावू नका. देवनागरी फाँट एकच, जाडी दोनच. पान उघडताच तोंडावर येणारं 'आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जॉइन व्हा' काढून लेखाच्या शेवटी ठेवा.

१०. विकतच्या लिंका, फुकटच्या थीम

'५,००० बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका), पहिल्या पानाची हमी' असा फोन आला तर ठेवून द्या. हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि नैसर्गिक निकालांत जागा गूगल पैसे घेऊन देत नाही. जाहिरातीची लिंक दिली असेल तर तिला 'स्पॉन्सर्ड' खूण लावा. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' हे पान महिन्यातून एकदा उघडा, नियम मोडल्याबद्दल गूगलने कारवाई केली असेल तर ती तिथे दिसते.

पैसे लागणाऱ्या थीमची चोरीची प्रत फुकट मिळते, तिच्यात अनेकदा मागचं दार असतं. गूगलवर 'साइट' हा शब्द रोमन लिपीत, त्याला चिकटून कोलन आणि तुमचा पत्ता असं शोधा. निकालांत जपानी अक्षरं किंवा औषधांच्या जाहिराती दिसल्या तर साइट फुटली आहे. पासवर्ड बदला, अनोळखी वापरकर्ते काढा, वर्डप्रेस आणि थीम मूळ ठिकाणाहून नव्याने घाला, मग सर्च कन्सोलमध्ये 'सिक्युरिटी इश्यू' खाली फेरतपासणी मागा.

११. दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख. दहा गोष्टी एकदम केल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. चुकून लागलेली नोइंडेक्स खूण काढली तर काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत पानं परत येतात. महत्त्वाच्या पानांसाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबा. रोज दाबून ते लवकर होत नाही. गूगलचा मोठा अपडेट चालू असेल तर तो संपल्यावर निदान आठवडाभर थांबा, आणि अपडेटच्या आधीचा आठवडा त्या आठवड्याशी ताडून बघा. अपडेटमध्ये पडलेली साइट सावरायला काही महिनेही लागतात. तेवढ्यात कंटाळून थीम बदलू नका, पत्त्यांची रचना तर मुळीच नाही.